काका, इम्पॅक्ट ड्रायव्हर निवडायला तुम्ही शिकवलंत

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

डेकचं, म्हणजे घरामागच्या लाकडी ओट्याचं, मुख्य काम पूर्ण झालं आणि टाउनशिपच्या निरीक्षकाची सहीसुद्धा झाली. फोनवर आभार मानायला लागले तर तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदललात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. इथे मिशिगनमध्ये उन्हाळा लागला की किती तरी मराठी घरांत घरामागे डेक बांधायचं निघतं. तुम्ही मला जे समजावलंत ते त्यांनाही मिळावं असं मनापासून वाटतं.

माझा प्रश्न एवढाच होता: जड कामाला कोणता कॉर्डलेस इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे ठोके देत स्क्रू पिळणारं बॅटरीवरचं मशीन, घेऊ? तुम्ही कुठल्याही मशीनचं नाव घेतलं नाहीत. आधी नकाशा मागवलात आणि मग एकेक विचारत गेलात. स्क्रू कोणते, किती लांब, कोणत्या लाकडात? खालून वर हात करून किती काम आहे? घरात बॅटरीवर चालणारं आधीच काय आहे? दुकानात मला हे कोणी विचारलं नव्हतं. तिथे खोक्यावरचे पिळाच्या जोराचे आकडे दाखवत होते: मकिताच्या एका मशीनवर 1,500 इंच-पौंड, डिवॉल्टच्या तीन गतींच्या मशीनवर 1,825, मिलवॉकीच्या फ्युएल मालिकेतल्या नव्या मशीनवर 2,000. सगळ्यात मोठा आकडा घ्यावा, असंच कुणालाही वाटेल.

तुम्ही गॅरेजमध्ये बसवून मला आतली रचना सांगितलीत, ती मी कधीच विसरणार नाही. साधा ड्रिल सलग पीळ देतो, आणि स्क्रू अडला की तो पीळ उलटा आपल्या मनगटावर येतो. इम्पॅक्ट ड्रायव्हरमध्ये स्क्रू अडेपर्यंत सगळं ड्रिलसारखंच फिरतं. विरोध वाढला की आतला हातोडा स्प्रिंग दाबत मागे सरकतो, सुटतो आणि ऐरणीवर आदळतो. असे ठोके मिनिटाला तीन-साडेतीन हजारांच्या घरात बसतात. ते गोल फिरवण्याच्या दिशेने बसत असल्यामुळे हाताला फारसा झटका जाणवत नाही. जाम झालेला नट सोडवताना पान्ह्याच्या दांड्यावर हातोडी मारतात, तेच हे, असं तुम्ही म्हणालात. पिंपरीच्या टूलरूममध्ये उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाकडून हे ऐकताना मला यंत्राची भीती उरली नाही. माझ्यासारख्या बारीक मनगटाच्या बाईने डेकच्या कामाला हात घालावा, हे तिथेच ठरलं.

आणि खोक्यावरचा आकडा हा कमाल आकडा असतो, लाकडात रोज तेवढा पीळ लागत नाही, हेही तुम्हीच दाखवलंत. तुमचा जुना ड्रायव्हर आणि शेजाऱ्यांकडून आणलेला नवा, दोन्ही माझ्या हातात दिलेत आणि उरलेल्या सदर्न पाइन लाकडाच्या तुकड्यावर अडीच इंची डेक स्क्रू मारायला लावलेत. वरच्या फळ्यांच्या स्क्रूला दोन्ही मशीनं पुरून उरली. फरक दिसला तो ट्रिगरमध्ये. एकाचा वेग बोटाच्या दाबाबरोबर हळूहळू वाढत होता. दुसरं एकदम धावत होतं आणि स्क्रूचं डोकं फळीत खोल रुतवत होतं. रुतलेल्या खड्ड्यात पाणी साचतं आणि फळी तिथूनच कुजायला लागते. आकड्यांच्या तक्त्यात हे कुठे लिहिलेलं असतं?

सगळ्यात जास्त वेळ तुम्ही घालवलात तो लेजर बोर्डवर, म्हणजे घराच्या भिंतीला जोडलेल्या त्या आडव्या फळीवर, आणि त्याबद्दल माझे सगळ्यात जास्त आभार. डेक कोसळतात तेव्हा पुष्कळदा हाच जोड सुटलेला असतो. निवासी बांधकामाच्या नियमांत डेकसाठी चौरस फुटाला 40 पौंड भार धरतात, आणि बाहेर उपसून येतील अशा खिळ्यांवर लेजर टांगायला तिथे मनाई आहे. गणपतीच्या आरतीला आमच्याकडे सगळी मंडळी एकाच बाजूला दाटीने उभी राहतात. ते डोळ्यांसमोर आणून तुम्ही मला हा नियम समजावलात. अर्ध्या इंचाचे लॅग स्क्रू, म्हणजे बोल्टसारखे जाड स्क्रू, पाव इंची षटकोनी तोंडाच्या ड्रायव्हरने रेटायचे नाहीत, असंही बजावलंत. त्यांना आधी भोक पाडायचं आणि मग चौकोनी अर्ध्या इंचाच्या तोंडाचा इम्पॅक्ट रेंच, म्हणजे बोल्ट फिरवणारं ठोक्यांचं मशीन, वापरायचा, तोही शेवटचे फेरे हाताच्या पान्ह्याला ठेवून. एवढ्या थोड्या बोल्टसाठी रेंच विकत न घेता तुमचा घेऊन जा म्हणालात. त्या एका वाक्याने माझा प्रश्नच बदलला. लेजरचं काम रेंचकडे गेल्यावर ड्रायव्हरला 2,000 इंच-पौंडांची गरजच राहिली नाही. हलका, हातात बसणारा आणि बॅटरी टिकवणारा ड्रायव्हर शोधायचा होता.

बॅटरीचं गणितही तसंच सुटलं. आमच्याकडे गवत कापायचं डिवॉल्टचं 20 व्होल्ट मॅक्स मशीन होतं, म्हणून त्याच कंपनीचा तीन गतींचा ड्रायव्हर घेतला, नुसतं मशीन, बॅटरीशिवाय. पाच सेल पूर्ण भरलेले असताना प्रत्येकी सुमारे 4 व्होल्ट म्हणजे 20, आणि चालताना सरासरी 3.6 धरले तर 18. म्हणजे 18 आणि 20 ही एकाच बॅटरीची दोन नावं! हे कळल्यावर व्होल्टवरून तुलना करणं मी सोडूनच दिलं. पाच अँपिअर-अवरची बॅटरी सांगाडा जोडणाऱ्या लांब स्ट्रक्चरल स्क्रूंना, कारण तिच्यात सेलच्या दोन रांगा असतात आणि ताण आला तरी ती लवकर दबत नाही. फळ्या पेलणाऱ्या आडव्या तुळयांना, म्हणजे जॉइस्टना, खालून वर हात करून धातूचे आधार (हँगर) बसवताना मात्र दोनची छोटी बॅटरी. संध्याकाळी खांदे शाबूत राहिले ते या अदलाबदलीमुळे. थंडीत गॅरेजमध्ये 40 अंश फॅरनहाइटच्या खाली चार्जिंग करायचं नाही, ही तुमची सूचना मी चार्जरवरच चिकटवून ठेवली आहे.

स्क्रूंबद्दलही थोडं लिहिते, कारण ड्रायव्हर कितीही चांगला असला तरी स्क्रू चुकीचा असेल तर उपयोग नाही. 2003 संपताना इथल्या घरगुती बांधकामाच्या लाकडात कूज टाळायला मुरवलं जाणारं आर्सेनिकचं रसायन गेलं आणि तांबं जास्त असलेली रसायनं आली. ती साध्या जस्त चढवलेल्या लोखंडाला लवकर खातात. म्हणून हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा जाड थर असलेले, किंवा स्टेनलेसच. त्यात स्टेनलेस नरम, म्हणून ते खालच्या गतीवर. आणि ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचं टी-25 डोकं, म्हणजे बिट (ड्रायव्हरच्या तोंडात बसवायचं टोक) निसटून खाच झिजत नाही. बिटही इम्पॅक्टसाठी बनवलेलेच, पीळ सोसताना मधे किंचित लवणारे. कानांना संरक्षण तर तुम्ही पहिल्याच दिवशी हातात ठेवलंत. हे ठोके 85 डेसिबलच्या बरेच वर जातात, आणि कारखान्यात ऐकू येणं कमी झालेले सहकारी तुम्ही पाहिले आहेत.

काका, इथे प्रत्येक जण आपापल्या कामात गुंतलेला असतो. अशा ठिकाणी कोणी आपला रविवार देऊन, हातात मशीन देऊन, शांतपणे एकेक गोष्ट उलगडून सांगतं, याचं मोल मला ठाऊक आहे. तुम्ही माझ्या वतीने निर्णय घेतला नाहीत. तो मला घेता येईल इतकं शिकवलंत. खांबांचे 42 इंची खड्डे खणण्यापासून शेवटच्या फळीपर्यंत तो आत्मविश्वास माझ्यासोबत होता.

रेंच साफ करून, सॉकेट मोजून, शनिवारी आणून देते. जिन्याचा कठडा अजून बाकी आहे. त्याच्या खांबांना बोल्ट कुठून घालायचे ते कागदावर काढून आणते, तेवढं पाहून द्या. काकूंना नमस्कार.

तुमची,
कायमची ऋणी