दोन मित्रांच्या धंद्याची बातमी अशी छापू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागे आपल्या पेपरात महादेव ॲपच्या प्रकरणावर पानभर मजकूर आला होता, त्याबद्दल लिहितोय. भिलाईचे दोन मित्र, एकाचं ज्यूसचं दुकान आणि दुसऱ्याचं टायरचं, दोघं दुबईला गेले आणि तिथून हजारो कोटींचा ऑनलाइन सट्टा अन् कॅसिनो चालवला असा ईडीचा आरोप आहे, हे सगळं त्यात होतं. माहिती चूक होती असं मी म्हणत नाही. पण पान असं लावलं होतं की वाचणाऱ्याला वाटावं दोन गरीब पोरांनी डोकं लावून केवढं साम्राज्य उभं केलं. माझं कोर्टासमोर झेरॉक्स अन् टायपिंगचं दुकान आहे, तिथे पेपर येतो आणि दिवसभर दहा हात फिरतो. ते पान बघून पोरं एकच म्हणत होती, "काय डोकं लावलं बे दोघांनी." एकाच्याही तोंडून हे वाईट झालं असं निघालं नाही. म्हणून लिहायला बसलो.

आमचा जिल्हा गोंदिया. हावडा लाइनला बसलं की डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग आणि मग भिलाई, दोन-तीन तासांत पोचतो माणूस. इकडच्या मुली तिकडे दिल्या आहेत, तिकडच्या इकडे आल्या आहेत, स्टील प्लांटमध्ये नोकरी करून रिटायर झालेले लोक गावोगावी आहेत. त्यामुळे सौरभ चंद्राकर आणि रवी उप्पल ही नावं आमच्याकडे टीव्हीवरची नाहीत, आपल्याच बाजूची वाटतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये सौरभचं यूएईत लग्न झालं, त्यावर सुमारे २०० कोटी रोख खर्च झाले आणि घरच्यांना न्यायला नागपूरहून खासगी विमानं केली होती असं ईडीने सांगितलं, आणि नागपूरहून विमानं हे वाक्य आमच्या पोरांच्या डोक्यात असं बसलंय की विचारू नका. डिसेंबर २०२३ मध्ये रवीला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सौरभला तिकडे ताब्यात घेतल्याच्या बातम्याही आल्या, पण त्या कोणाला आठवत नाहीत. लग्न आठवतं.

त्याच ईडीच्या माहितीत एक ओळ होती, ती आपल्या पानावर शेवटच्या कॉलममध्ये खाली होती आणि माझ्या मते तीच वर मोठ्या अक्षरात पाहिजे होती. हे ॲप चालायचं पॅनेलवर. म्हणजे वरचे लोक आपल्या ओळखीतल्यांना शाखा वाटायचे आणि नफा सत्तर-तीस, सत्तर वर, तीस खाली. ओळखीतल्यांना वाटायचे ही खरी गोष्ट आहे साहेब. धंदा वाढला तो ओळखीतून, एका दोस्ताने दुसऱ्याला ओढलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. आज ते ॲप बंद आहे म्हणता, नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने २२ ॲप अन् साइट एकदम ब्लॉक केल्या त्यात ते होतंच, पण नाव बदलून दुसरी येत राहतात आणि पद्धत तीच राहते.

आता मी डोळ्याने पाहिलेलं सांगतो. आमच्याच मोहल्ल्यातली दोन पोरं, पहिलीपासून एका बाकावर बसलेली, एकाचं मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे आणि दुसरा फायनान्स कंपनीत वसुलीला होता. ती दोघं एका दुपारी आली आणि म्हणाली काका, ५०० च्या स्टॅम्पवर भागीदारी पत्र टाइप करून द्या. मी विचारलं धंदा कायचा? तर ऑनलाइन सर्व्हिस. कायची सर्व्हिस? मग एकमेकांकडे बघून म्हणाले, "गेमिंग काका, कॅसिनोचं पॅनेल घेऊन राहिलो दोघं मिळून." तीन पत्ती, अंदर बाहर, ड्रॅगन टायगर, रुलेट, वरून क्रिकेट, सगळं त्यात. वहीच्या पानावर हिशोब करून आणला होता. फ्लॅटचं भाडं, चार मोबाइल, दोन लॅपटॉप, रात्रपाळीला दोन पोरं, आणि त्याखाली एक ओळ, "खाते १० नग". नग लिहिलं होतं, जसं विटांच्या बिलात लिहितात. सोबत कॅरीबॅगमध्ये पासबुकं होती, प्रत्येकाला एटीएम कार्ड आणि कार्डाच्या मागे सेलोटेपने चिकटवलेलं सिम, आणि एकही पासबुक त्या दोघांच्या नावाचं नव्हतं. त्याची झेरॉक्स पाहिजे होती. मी ना झेरॉक्स काढून दिली ना पत्र टाइप केलं. दोघांना बसवलं, चहा सांगितला आणि अर्धा तास बोललो.

त्यांचं म्हणणं एकच, काका यात लॉस होतच नाही, कॅसिनो कधी हरत नाही. आता ही गोष्ट खरी आहे. युरोपियन रुलेटच्या चाकावर ३७ घरं असतात, तुम्ही प्रत्येक घरावर एक एक रुपया लावला तर ३७ रुपये गेले, जो आकडा लागला त्याचे ३५ आणि तुमचा एक असे ३६ परत आले, एक रुपया घराचा, म्हणजे कॅसिनोवाल्याचा. कितीही वेळा फिरवा, तो रुपया घराकडे जातच राहतो, आणि हे झालं चाक प्रामाणिक असलं तर. या ॲपांमध्ये तर सुरुवातीला थोडं जिंकू द्यायचं आणि मग घ्यायचं अशी रचना असते हे तपास यंत्रणांनीच सांगितलंय. पण मी त्यांना विचारलं की बाबांनो, घर कोणाचं? चाक दुबईत, सॉफ्टवेअर त्यांचं, सत्तर टक्के त्यांचे. तुमच्या तीस टक्क्यांतून भाडं, पगार, सिम, खाती आणि पोलीस आले तर वकील. तुम्ही कॅसिनोचे मालक कुठून झाले?

आणि दुसरं, गिऱ्हाईक कोण आणणार? यावर ते गप्प झाले. कारण पॅनेल घेतल्यावर पहिली आयडी, म्हणजे खेळायचं खातं, कोणाला देणार, तर क्रिकेटच्या ग्रुपमधल्या पोरांना, वर्गातल्या दोस्तांना, चुलतभावाला, ज्या दुकानात चहा पितो त्या दुकानदाराला. अनोळखी माणूस व्हॉट्सॲपवर पैसे पाठवत नाही, ओळखीचा पाठवतो, कारण आपला पोरगा आहे, पैसे बुडवणार नाही. म्हणजे या दोघांची कमाई ती त्यांच्याच मित्रांची हार. जुलै २०२३ मध्ये आमच्या गोंदियात नागपूर पोलिसांनी धाड टाकली होती, कोट्यवधींची रोकड, सोनं, चांदी निघाली, आपल्याच पेपरात फोटो होते. नागपूरच्या व्यापाऱ्याची तक्रार होती की ओळखीतल्या माणसाने नाद लावला, आधी जिंकलो आणि शेवटी ५८ कोटी गेले. तिथेही सुरुवात ओळखीनेच झाली होती.

भागीदारी पत्राचं म्हणाल तर समोरच्या वकील साहेबांनी मला एक जुना निकाल सांगितला, तो मी पोरांनाही सांगितला आणि तुम्हालाही सांगतो कारण पेपरात कधी वाचला नाही. घेरूलाल पारख विरुद्ध महादेवदास मैया, सुप्रीम कोर्ट, १९५९. दोघांनी भागीदारीत हापूडच्या व्यापाऱ्यांशी गव्हाच्या वायद्याचे सौदे केले, म्हणजे भाव वर जाईल की खाली यावर पैज, नफा-तोटा अर्धा अर्धा ठरला. तोटा आला तेव्हा एकाने भरला आणि दुसऱ्याने हात वर केले. बावीस वर्षांपूर्वीच्या, म्हणजे १९३७ च्या सौद्यासाठी दोन भागीदार सुप्रीम कोर्टापर्यंत भांडत गेले. कोर्टाने सांगितलं की १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो, पण बेकायदेशीर नव्हता, म्हणून भरणाऱ्याला भागीदाराकडून हिस्सा मिळाला. त्यातच हेही आलं की जुन्या मुंबई इलाख्यात १८६५ चा वेगळा कायदा आहे, तिथे पैजेला जोडून केलेला असा भागीदारीचा करारसुद्धा टिकत नाही. आणि आज हे पॅनेल चालवणं तर सरळ गुन्हा आहे, त्यामुळे उद्या एका मित्राने पैसे दाबले तर दुसरा कोणत्या कोर्टात जाणार? तो जाणार वसुलीवाल्यांकडे. वकील साहेब म्हणाले की अशा धंद्यात भांडण मिटवायला मारामारीशिवाय काही उरत नाही, आणि त्यांनी अशी मारामारीची प्रकरणं चालवली आहेत.

पोरं त्या दिवशी उठून गेली. पुढे एक जण गाव सोडून कुठेतरी "ऑफिसला" लागला असं ऐकलं, दुसरा अजून दुकानात बसतो आणि माझ्याशी बोलत नाही. बोलू नये, मला चालेल.

पण ज्या माणसासाठी मी खरं हे पत्र लिहितोय तो वेगळाच आहे. गवंड्याच्या हाताखाली काम करणारा आहे, दीड-दोन एकर धान आहे. त्याला कोणीतरी म्हणालं खातं दे वापरायला, महिन्याला पाच हजार देतो. त्याने पासबुक, कार्ड, सिम सगळं दिलं, दोन महिने पैसे मिळाले. मग कुठल्या तरी राज्यातल्या माणसाने १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार केली आणि पैसे ज्या ज्या खात्यातून फिरले त्या सगळ्यांवर होल्ड आला, म्हणजे खाती गोठली. याच्या खात्यावरही आला. त्यातच त्याच्या धानाचे चुकारे जमा झाले होते. पेरणीच्या तोंडावर पैसे अडकले आणि परराज्यातल्या सायबर पोलिसांची नोटीस आली, इंग्रजीत, ती घेऊन तो माझ्याकडे वाचायला आला. नोटीस हातात घेऊन तो विचारत होता, "मी त जुगार खेळलोच नाही, मंग मले काहून?" त्याला मी काय सांगू? खातं त्याच्या नावाचं, व्यवहार लाखांचे, पॅनेलवाल्यांचं नाव कुठेच नाही. त्यासाठीच तर दुसऱ्याची खाती लागतात. दोन मित्र कॅसिनोच्या धंद्यात उतरतात तेव्हा तिसरा असा कोणीतरी असतो, आणि त्याच्यावर आपल्या पेपरात चार ओळीसुद्धा येत नाहीत.

कोणी म्हणेल गोव्यात चालतं मग इथे काय. गोव्यात लायसन्स आहे, मांडवीत जहाजं उभी आहेत, टॅक्स आहे, आणि एवढं असूनही २०२० मध्ये गोवा सरकारने आपल्याच गोवेकरांना कॅसिनोत खेळायला बंदी केली. म्हणजे ज्यांच्या दारात कॅसिनो आहे त्यांनाही तो आपल्या पोरांसाठी नको आहे. महाराष्ट्रात १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता, तो कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला, मला तर तो निर्णय शंभर टक्के बरोबर वाटतो. पण हे सगळं इमारतीतल्या अन् जहाजावरच्या कॅसिनोचं झालं, मोबाइलमधल्याचं काय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर कायदा केला, त्यात खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाखांपर्यंत, आणि पैशाचे व्यवहार करून देणाऱ्यालाही चालवणाऱ्याइतकीच शिक्षा ठेवली आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे आमच्याकडे दहातल्या एकालाही माहीत नाही. पोरांना वाटतं जुगाराची केस म्हणजे पत्ते खेळताना पकडलं, दंड भरला, सुटलो.

म्हणून माझ्या विनंत्या आहेत. पहिली, अशा लोकांची बातमी देताना शून्यातून कोट्यधीश हा सूर नको. लग्नात कोण नाचलं हे छापायचं तर छापा पण त्याच पानावर सत्तर-तीसचा हिशोब मांडा, कोणाच्या खिशातून आले ते लिहा. दुसरी, जाहिरात. माहिती प्रसारण मंत्रालयाने जून २०२२ मध्येच सगळ्या पेपर-चॅनेलांना सांगितलं होतं की सट्ट्याच्या जाहिराती घेऊ नका, तरी नंतर स्पोर्ट्स न्यूज म्हणून त्याच कंपन्यांच्या नावांच्या जाहिराती येत राहिल्या, शर्टावर, बोर्डावर, पेपरात. आपल्या जाहिरात विभागाने यात कडक राहावं, मग ती पुरवणी असो की आयपीएलचं पान.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. आपलं खातं, कार्ड किंवा सिम कोणालाही भाड्याने देऊ नका हे सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरात छापा, आणि खातं गोठलं असेल तर बँकेत कोणाला भेटायचं, कोणत्या पोलीस ठाण्याने होल्ड लावला ते कसं विचारायचं, उत्तर कसं लिहायचं, हे सगळं एकदा नीट द्या. आपला वार्ताहर तालुक्याला असतोच. त्याने एक दिवस कोर्टासमोर येऊन बसावं, अशा नोटिसा घेऊन लोक येतात, त्यांची परवानगी घेऊन नाव न छापता लिहावं. आणि जागा तेवढीच द्यावी जेवढी त्या लग्नाला दिली होती.

आपला,
एक नियमित वाचक
जि. गोंदिया