खून माणसाने केला, बदनाम घर झाले

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात माझ्या नातवाने मोबाइलवर ‘द ॲमिटीव्हिल हॉरर’ हा १९७९ चा चित्रपट पाहिला आणि पुढच्या तीन रात्री दिवा मालवू दिला नाही. ‘आजी, ही खरी गोष्ट आहे’ हे त्याचे पालुपद. म्हणून खरे काय ते मी शोधून वाचले.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ॲमिटीव्हिल नावाचे गाव आहे. तिथे १३ नोव्हेंबर १९७४ च्या पहाटे २३ वर्षांच्या रोनाल्ड डिफिओने स्वतःचे आईवडील, दोन बहिणी आणि दोन भाऊ यांना रायफलने ठार मारले. सगळे आपापल्या बिछान्यात होते. धाकटा भाऊ ९ वर्षांचा. मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले, त्यामुळे ९ वर्षांचा म्हटले की मला चौथीचा वर्गच दिसतो. कानात आवाज येत होते, असे खुन्याने कोर्टात सांगितले. कोर्टाने ते मानले नाही, त्याला दोषी ठरवले. २०२१ मध्ये तो कैदेतच मेला. चित्रपटवाल्यांनी मात्र सगळा दोष घराच्या माथी मारला.

डिसेंबर १९७५ मध्ये लुट्झ कुटुंब त्या घरात राहायला आले, २८ दिवसांत निघून गेले आणि तिथे भुताटकी आहे असे सांगू लागले. खुन्याचे वकील विल्यम वेबर यांनी १९७९ मध्ये कबूल केले की ही कहाणी आम्ही वाइन पीत बसून रचली. लुट्झ दांपत्याने ते नाकारले. पण नंतर राहायला आलेल्या कुटुंबाला भूत कधी भेटले नाही, त्रास झाला तो बघ्यांचा. शेवटी त्या घराच्या खिडक्या बदलाव्या लागल्या, नंबरही बदलावा लागला.

हे वाचताना मला आमच्या वाड्यावरचे बंद घर आठवत होते. मी फोंडा तालुक्यातली. माझ्या तरुणपणी त्या घरात जमिनीच्या भाऊबंदकीतून एका बाईचा खून झाला. मारणारा घरचाच होता, त्याला शिक्षाही झाली. ती बाई म्हणजे माझी शेजारीण. अबोलीचा वळेसर कसा गुंफायचा हे मी तिच्याकडून शिकले. पावसाच्या आधी तिच्या अंगणात चटईवर कोकमाची सोलां वाळत घातलेली असायची, आणि आम्हा मुलींना एकेक उचलायची मुभा होती.

दोन वर्षांपूर्वी कोणीतरी त्या घराचा व्हिडिओ केला, ‘खऱ्या घटनेवर आधारित’ म्हणून. त्यात तिला हडळ केले आहे, उलट्या पायांची. तेव्हापासून शनिवारी रात्री मोटारसायकली येतात, टॉर्च मारतात, किंचाळतात. शिंपल्यांची जुनी खिडकी दगडाने फुटली. मे महिन्यात तुळशीवृंदावनावर लाल रंग ओतलेला मी सकाळी पाहिला. रंग ओघळून पणतीच्या कोनाड्यात सुकला होता. आपल्या गोव्यात राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात. न दिसणाऱ्याशीही अदबीने वागायची रीत असलेल्या गावात हे चालावे?

तिची मुलगी वास्कोला असते, दर वर्षी गणेश चवथीआधी येऊन घर झाडून जाते. तो व्हिडिओ तिने पाहिला. मला फोन केला आणि नुसती रडली. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिच्यापाशी आईचा एकच फोटो आहे, तोही लग्नातला. आता लोकांना तिच्या आईचे उलटे पायच तेवढे ठाऊक.

भीतीच्या चित्रपटांना माझा विरोध नाही, रचलेली भुते हवी तेवढी दाखवा. पण जिथे खरा खून झाला, जिथे मेलेल्यांची माणसे अजून हयात आहेत, तिथे मेलेल्याला भूत करून पैसे मिळवू नका.

चवथीला ती येणार आहे. त्याआधी ज्याने तो व्हिडिओ टाकला त्याने काढून टाकावा, पंचायतीने फाटकापाशी दिवा लावावा, आणि ज्याने तुळशीवर रंग ओतला त्याने दिवसाउजेडी येऊन तो धुवावा. बादली आणि घासायला नारळाचे सोडण माझ्याकडून घेऊन जावे.

– एक निवृत्त शिक्षिका, फोंडा