ओव्हरक्लॉक फसलं म्हणून लगेच मदरबोर्ड बदलू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या लागल्या की पुण्यात घरोघरी, हॉस्टेलवर, पोरं पीसी उघडून बसतात आणि गेममध्ये जरा फ्रेम वाढाव्यात म्हणून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरचा स्पीड आणि व्होल्टेज वर ढकलतात (यालाच ओव्हरक्लॉक म्हणतात), सेव्ह करतात, आणि मग स्क्रीन काळी. पंखे फिरतायत, लाइटी लागल्यात, पुढे काहीच नाही. पाचावर धारण बसते आणि पीसी रिक्षात घालून थेट दुकान गाठतात. माझा भाचा कात्रजला रूम करून राहतो, त्याला एका दुकानात मशिन न उघडताच सांगितलं की बोर्ड गेला, प्रोसेसरपण गेला असणार, नवीनच घ्या. घरी आणून फक्त बायोस रिसेट केलं तर सगळं चालू! गावाकडून पैसे मागवून शिकणारी पोरं आहेत ही, त्यांच्या खिशाला उगाच चाट बसते याचा मला फार राग येतो, म्हणून हे पत्र.

ओव्हरक्लॉक फसलं म्हणजे प्रोसेसर जळाला असं नसतं. तो फार तापला तर आधी स्वतःच स्पीड कमी करतो, तरी नाही भागलं तर मशिन बंद पाडतो. अडलेलं असतं ते चुकीच्या सेटिंगवर, आणि ते सेटिंग बोर्डवर सेव्ह असतं, ते पुसलं की बहुतेक वेळा काम होतं. बरेच बोर्ड तर दोन-चारदा आपणहून रीस्टार्ट होऊन शेवटी सुरक्षित सेटिंगवर येतात, म्हणून आधी थोडा धीर धरा, सारखं पॉवर बटण दाबत बसू नका.

तरी नाहीच आलं तर मागचा स्विच बंद करा, वायर भिंतीतून काढा आणि मग पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून घ्या, अंगातली स्टॅटिक जाते. मग बोर्डवर रुपयाएवढा गोल सेल दिसेल, सीआर २०३२, तीन व्होल्टचा, कधीकधी तो ग्राफिक्स कार्डच्या खाली लपलेला असतो, तसं असेल तर आधी कार्ड काढावं लागतं. सेलच्या कडेला बारीक पत्र्याची क्लिप असते, ती नखानं बाहेर ढकलली की सेल टुणकन वर येतो, स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटायचं काम नाही. पाच-दहा मिनिटं तसंच ठेवा, म्हणजे ते चुकीचं सेटिंग पुसलं जातं. मॅन्युअलमध्ये क्लिअर सीमॉसच्या, म्हणजे सेटिंग पुसायच्या, दोन पिना दाखवलेल्या असतात, वायर काढलेलीच असताना त्या काही सेकंद जोडल्या तरी चालतं, काही बोर्डांना तर मागच्या बाजूला त्याचं बटणच असतं. सेल जुना असेल तर बदलूनच टाका, तापकीर गल्लीत किंवा कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे सहज मिळतो.

आता महत्त्वाचं. डीडीआर ५ या नव्या प्रकारच्या रॅमच्या मशिनवर रिसेटनंतर पहिल्यांदा चालू करताना कित्येक मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते कारण बोर्ड रॅम नव्यानं ओळखून घेत असतो, पोरं घाबरून तेवढ्यात मशिन बंद करतात आणि परत पहिल्यापासून सुरू. थांबा. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असे छोटे दिवे असतात, कुठला पेटून राहतोय बघा, डीरॅमचा असेल तर रॅमची एकच स्टिक लावून बघा.

चालू झालं तरी विंडोज येईलच असं नाही. रिसेटमुळे हार्डडिस्कचा मोड बदललेला असू शकतो, आधी रेड (RAID) नावाचा होता आणि आता एएचसीआय (AHCI) झाला तर निळी स्क्रीन येते, बायोसमध्ये तो पूर्वीसारखा करा, लगेच फॉरमॅट मारू नका. तारीख जुनी झालेली असते आणि त्यामुळे वेबसाइट उघडत नाहीत, ती आधी नीट करा. आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप! नवीन विंडोज ११ वर मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की कित्येकदा डिस्क आपोआप लॉक झालेली असते आणि रिसेटनंतर ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती त्याच अकाउंटमध्ये मिळते, पण बायोसला हात लावायच्या आधीच काढून कागदावर लिहून ठेवलेली बरी, नाहीतर मशिन चालू आणि प्रोजेक्टचा डेटा आत अडकलेला.

मशिन सुरू झाल्याच्या आनंदात सेव्ह करून ठेवलेलं तेच जुनं ओव्हरक्लॉकच्या सेटिंगचं प्रोफाइल परत लोड करू नका. ओव्हरक्लॉकचं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर सेफ मोडमध्ये जाऊन काढा, ते विंडोजबरोबर तीच सेटिंग परत लावू शकतं. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट हा रॅम तपासायचा प्रोग्राम रात्रभर चालवा, एकसुद्धा एरर आली तर त्या मशिनवर भरवसा नाही, कारण अस्थिर रॅम फायली गुपचूप खराब करते आणि ते महिनोन्‌महिने कळत नाही. बायोस अपडेट तर मशिन डगमगतंय तोवर करूच नका, आणि आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी लाइट घालवतात, त्या दिवशी तर मुळीच नको.

खरंच जळालेलं असू शकतं का? असू शकतं, पण स्पीडपेक्षा जास्त मारतं ते व्होल्टेज. २०२३ मध्ये एएमडी कंपनीचे रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले, तेव्हा कंपनीनं एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधल्या मेमरी वगैरे सांभाळणाऱ्या भागाचं व्होल्टेज) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. जळका वास, काळा डाग दिसला तर मशिन चालू न करता दुकानात न्या, आणि ओव्हरक्लॉक केलं होतं हे लपवू नका.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत ही माहिती फोटोसकट छापावी अशी मनापासून विनंती आहे. आणि दुकानदारांनीही बोर्ड गेला म्हणायच्या आधी गिऱ्हाइकासमोर सेल काढून, एका स्टिकवर चालवून दाखवावं, आणि बोर्ड बदललाच तर जुना बोर्ड त्या मुलाच्या हातात परत द्यावा.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे