तीस सेकंदांच्या कामाला मी होकार दिला आहे

जोगेश्वरी, मुंबई

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर माझ्या नोकरीचा विषय काढला की बाबा "बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई "जेवलीस का?" असे विचारून विषय संपवते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. दोघांनी एकत्र बसून वाचावे. आईचा चष्मा अजून दुरुस्त झाला नसेल, तर बाबांनी मोठ्याने वाचून दाखवावे आणि मधला कोणताही परिच्छेद गाळू नये.

अंधेरीत जाहिरातपट तयार करणाऱ्या एका संस्थेत तिसरी सहायक दिग्दर्शक म्हणून मी होकार कळवला आहे आणि येत्या पहिल्या तारखेपासून रुजू होत आहे. बँकभरतीच्या आयबीपीएस परीक्षेचा फॉर्म बाबांनी किती हौसेने भरून दिला होता, हे मला ठाऊक आहे. पुरानंतर घरात कायमचा पगार असण्याबद्दल तुम्ही जे बोलला होतात, तेही मी विसरलेले नाही. परंतु परीक्षेला बसून, निवड झाल्यावर नकार देण्यापेक्षा आताच सांगितलेले बरे, असे वाटले. दुसरी गोष्ट आईला अधिक लागेल, ती अशी की यंदा गौरी-गणपतीला मला येता येणार नाही. दिवाळीच्या जाहिराती टीव्हीवर दिवाळीत दिसत असल्या, तरी त्यांचे चित्रीकरण गणपतीच्या आसपास उरकावे लागते, कारण त्यानंतर संकलन, संगीत, रंगसंस्कार आणि निरनिराळ्या भाषांतील आवृत्त्या व्हायच्या असतात. नव्याने लागलेल्या मुलीने नेमकी त्याच आठवड्यात रजा मागणे बरे दिसणार नाही. गौरी उभ्या करायला वहिनीला दोन दिवस आधी बोलावून घ्या, मी तिच्याशी बोलले आहे.

राहण्या-जेवणाची काळजी करू नका. खोली तीच ठेवली आहे, पाणी सकाळ-संध्याकाळ येते आणि खालच्या पोळीभाजीवाल्या काकू मला ओळखू लागल्या आहेत. सेटवर सकाळी पोहे किंवा उपमा आणि दुपारी पूर्ण जेवण असते, आणि चहा तर स्पॉटदादा न मागता आणून देतात. चित्रीकरण रात्री उशिरापर्यंत चालले, तर मुलींना घरापर्यंत गाडीने सोडतात, हे मी होकार देण्यापूर्वीच विचारून घेतले आहे. पगार बँकेतल्या कारकुनापेक्षा कमी आहे, पण भाडे आणि डबा भागून थोडे उरेल. दादाकडे मागण्याची वेळ येणार नाही.

बाबा, जाहिरात म्हणजे गोड बोलून गळ्यात मारणे, असे तुम्ही मी प्रवेश घेतला तेव्हा म्हणाला होतात. त्या बोलण्याचे उत्तर या तीन वर्षांत मी मनातल्या मनात पुष्कळ वेळा दिले आहे. दूरदर्शनवर १९७६ मध्ये व्यापारी जाहिराती सुरू झाल्या, त्यानंतरच्या अनेक जाहिराती आम्हाला वर्गात दाखवून त्यांची चिरफाड करायला सांगतात. सर्फच्या ललिताजींचीच गोष्ट घ्या. निरमा कितीतरी स्वस्त विकली जात होती आणि सर्फला तेवढी किंमत उतरवणे परवडणारे नव्हते. तेव्हा अलेक पदमसी आणि त्यांच्या लिंटास या जाहिरातसंस्थेतल्या मंडळींनी किमतीपासून तोंड लपवले नाही, उलट भाजीवाल्याशी घासाघीस करणारी, पै-पैचा हिशेब ठेवणारी बाईच पडद्यावर आणली आणि तिच्याच तोंडून महाग वस्तूचा हिशेब मांडला. कविता चौधरींनी ती भूमिका केली होती. वर्गात ती जाहिरात लागली, तेव्हा मला शनिवारच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून पाहणारी आई दिसली. आई, हे रागावू नकोस, कौतुकानेच लिहिले आहे. पोलिओच्या डोसासाठी मला रविवारी कडेवर घेऊन अंगणवाडीत नेणारीही तूच होतीस, आणि अमिताभ बच्चन टीव्हीवरून दोन थेंबांची आठवण करून देत होते तीही जाहिरातच होती. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ते श्रेय लस देणाऱ्या हजारो बायांचे आहे, हे खरेच, पण मुले त्यांच्यापर्यंत पोचावीत यासाठी कोणीतरी नेमके शब्द शोधले होते.

आम्ही काय करतो, ते थोडे सांगते. तीस सेकंदांच्या जाहिरातीत, सेकंदाला २५ या हिशेबाने ७५० चौकटी असतात, आणि निवेदन घाई न करता वाचायचे तर मराठीत साठ-पासष्ट शब्दांपलीकडे जागा नसते. शेवटच्या प्रकल्पासाठी आमच्या गटाने एका महिला बचत गटाच्या गोड्या मसाल्याची जाहिरात केली. सगळा जीव आमटीच्या एका दृश्यात होता. डोळ्यांना दिसणारी वाफ कॅमेऱ्याला दिसत नाही. मागे काळा पडदा लावून, भांड्याच्या मागून तिरका प्रकाश सोडला, म्हणजेच ती उठून दिसते, आणि तोवर आमटी निवते. पुन्हा उकळी, पुन्हा पळी, पुन्हा कोथिंबीर. पहाट होईपर्यंत आम्ही तेच करत होतो. त्यात आमच्यापैकी एकाने पडद्यावर उठाव यावा म्हणून वरून तांबडीलाल तर्री सोडायचे ठरवले. बचत गटातल्या एक मावशी कोपऱ्यात बसून हे सारे पाहत होत्या. त्या उठून म्हणाल्या, "गोड्या मसाल्याच्या आमटीला असला रंग दाखवाल, तर गिऱ्हाईक घरी आमटी करून डबा परत आणून आपटेल." तर्री काढली. आमटी काळपट तपकिरीच राहिली. मग वाढप्याच्या हातातली पितळेची पळी घासूनपुसून लखलखीत केली आणि उठाव तिच्यावर पडलेल्या प्रकाशातून आणला. परीक्षकांना काय वाटले ते सोडा. मावशींनी ती चित्रफीत नातेवाइकांना पाठवली, यातच मला सगळे मिळाले. बाबा, मला हे काम करायचे आहे ते असे, मावशींना मान खाली घालावी लागणार नाही असे.

आता ज्यासाठी रात्री जागून लिहायला बसले आहे, ते लिहिते. आईने परवा बोलता बोलता सांगितले की टीव्हीवर पाहून मागवलेले चूर्ण सुरू केल्यापासून बाबांनी साखरेची गोळी बंद केली आहे. बाबा, तुम्ही भोळेपणाने फसलात, असे मी मुळीच म्हणत नाही. ती जाहिरात मी मुद्दाम शोधून पाहिली. ती हुशार माणसांनी, तुमच्यासारखा शिस्तीचा निवृत्त माणूस डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. आधी घाबरवायचे, मग पांढरा कोट दाखवायचा, मग शेजारच्या गावातले वाटतील अशा गृहस्थांकडून अनुभव सांगवायचा आणि खाली डोळे ताणूनही न वाचता येणाऱ्या अक्षरांत "दृश्ये काल्पनिक" असे टाकायचे, या सगळ्या पायऱ्या आम्हाला शिकवल्या आहेत. तिच्यातले शाल घेतलेले ते गृहस्थ एका भूमिकेच्या निवडीसाठी आमच्याकडेही आले होते. माणूस फार सज्जन आहे. मी चूर्णाची चव कशी असते असे विचारले, तर हसून म्हणाले की चित्रीकरणाच्या दिवशी डबीत नुसते बेसन होते आणि त्यांना स्वतःला मधुमेह नाहीच.

औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध आपल्याकडे १९५४ पासून कायदा आहे. ज्या आजारांवरच्या इलाजाची जाहिरात करताच येत नाही, त्यांच्या यादीत मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. म्हणजे "साखर मुळापासून जाते" हे वाक्य टीव्हीवर यायलाच नको होते. तात्यांच्या पायाचे पुढे काय झाले, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे, त्याहून अधिक लिहीत नाही. लहानपणी मला ताप आला की तुम्ही गोळी गुळाच्या खड्यात लपवून द्यायचात आणि मी गिळेपर्यंत हातातला पेला खाली ठेवत नव्हतात. आता मी तेथे पेला घेऊन उभी राहू शकत नाही, एवढाच फरक आहे.

तेव्हा पुढील गोष्टी सांगितल्याप्रमाणे व्हाव्यात. चूर्ण आजपासून बंद. सोमवारी सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासून घ्या, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणीही त्याच वेळी करा, आणि अहवाल घेऊन विश्रामबागेतल्या आपल्या डॉक्टरांकडे जा. गोळी पुन्हा किती आणि केव्हा घ्यायची, हे तेच ठरवतील. मागची शिल्लक गोळी आपल्या मनाने सुरू करू नका. डॉक्टरांना चूर्णाची डबी दाखवा, संकोच करू नका, ते रागावणार नाहीत. आईने त्या दिवशी गुडघ्यांचे कारण सांगू नये, रिक्षाने जावे, पैसे मी पाठवते.

आणि बाबा, तुमची एक मदत हवी आहे. जाहिरातींवर लक्ष ठेवणारी एएससीआय ही संस्था १९८५ पासून मुंबईत आहे आणि साधा ग्राहकही तिच्याकडे तक्रार करू शकतो. मी ती करणार आहे. ती जाहिरात कोणत्या वाहिनीवर, कोणत्या तारखेला, किती वाजता लागते, हे तुम्ही टिपून ठेवा आणि डबीच्या चारही बाजूंचे फोटो दादाकडून काढवून पाठवा. जिल्हा परिषदेत तुम्ही आवक-जावक नोंदवही ज्या काटेकोरपणे सांभाळलीत, तेवढ्याच काटेकोरपणे हे झाले, तर माझी तक्रार पक्की होईल. मात्र टिपण्यासाठी म्हणून रात्री अकरापर्यंत जागत बसायचे नाही.

दिवाळीला मी नक्की येते, तोवर हे काम संपलेले असेल. आई, चकलीची भाजणी मी येईपर्यंत दळून आणू नकोस, डबा गिरणीपर्यंत उचलायचा नाही. बाबांचा अहवाल सोमवारी संध्याकाळपर्यंत मला पाठवा. मंगळवारी मी सकाळपासून सेटवर असेन आणि फोन बंद असेल.

कळावे.

तुमची,
लेक