सूचना : ऑनलाइन थेरपीच्या पहिल्या सत्राआधी

नमस्कार मंडळी,
आपल्यापैकी काहीजण ऑनलाइन थेरपी सुरू करत आहेत, त्यांच्यासाठी.

सत्र साधारण 45 ते 50 मिनिटांचं असतं. घरात कोणी ऐकेल या धास्तीने निम्मं बोलणं पोटातच राहतं. तेव्हा इअरफोन लावा, दाराला कडी घाला. दाराजवळ पंखा सुरू ठेवला तर बाहेर फारसं ऐकू जात नाही. गाडी चालवताना सत्र घेऊ नका, कृपा करून!

सुरुवातीला बहुतेकदा प्रश्नावली देतात : नैराश्यासाठी पीएचक्यू-9, चिंतेसाठी जीएडी-7. दोन्हींत गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारलेलं असतं. पहिलीचे गुण 0 ते 27, दुसरीचे 0 ते 21. नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही, त्यामुळे 'पास' होण्याच्या नादात उत्तरं सजवू नका. पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे हात आपोआप 'अजिबात नाही'कडे जातो. जे खरं असेल तेच लिहा.

आघातातून गेलेल्यांनी सगळी हकिगत पहिल्याच दिवशी सांगायची गरज नाही. घाई करणारा थेरपिस्ट बदललेला बरा, असं माझं मत.

चालू गोळ्या परस्पर बंद करू नका.

आपण कुठून बोलतोय तो पत्ता आणि घरच्या एकाचा नंबर थेरपिस्टकडे देऊन ठेवा. जीव द्यावासा वाटत असेल तर पुढच्या सत्राची वाट न पाहता लगेच आपत्कालीन सेवेला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा.