सुध्या, नंबर जुळला

भिंगार, रविवार रात्र

सुध्या,

नंबर जुळला रे. जीपच्या चासीवरचा आणि मूळ इंजिनावरचा, दोन्ही एकच. मी वाचला, मग पोरीला वाचायला लावला, मग फोटो काढून मोठा करून परत बघितला, एक आकडा इकडचा तिकडे नाही. फोनच करणार होतो पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, दोन मिनिटांत तुझं 'त्यापेक्षा लष्कराच्या लिलावातली जोंगा घे' सुरू होतं, आणि हे पहिल्यापासून एका दमात सांगायला पाहिजे. पूर्ण वाच, मगच फोन कर.

तीच गाडी आहे. पारनेरवाल्याची. जिचं पेट्रोल इंजिन काढून अण्णांनी डिझेल बसवलं म्हणून बारावीत असताना तू त्यांच्याशी भांडून आमच्याकडे येऊन राहिला होतास आणि आई म्हणाली होती, बापाशी भांडायचं तर आधी पोटभर जेव. घेतली तेव्हा मला खात्री नव्हती म्हणून तुला नुसतं 'एक जीप मिळालीय' एवढंच कळवलं होतं. दुधाच्या कॅनपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळं वाहून झालेली, मागचा पत्रा अर्धा दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा, पण ग्रील नऊ फटींचं, मूळचं. आणि रेडिएटरच्या खाली वाकून बघितलं तर पुढचा आडवा मेंबर उलट्या यूचा. गोल पाइप असता तर विलीज कंपनीची म्हटलं असतं. ही फोर्डनं बनवलेली लढाईतली जीप, जीपीडब्ल्यू. मग पाना घेऊन बसलो आणि गंज खरवडत गेलो तसे बोल्टच्या डोक्यांवर फोर्डचे एफ दिसायला लागले. त्या रात्री मी जेवायला घरात गेलो नाही, बायकोनं ताट गॅरेजमध्ये आणून दिलं आणि तीही स्टुलावर बसून एफ मोजत राहिली.

आता मुख्य. मागच्या चाकांच्या वर दोन्ही बाजूंना टूलबॉक्स असतात, त्यातल्या डाव्याच्या झाकणाला वेल्डिंगचे टाके मारलेले होते. मला वाटलं पत्रा सडला म्हणून कुणीतरी बंद केला असेल. ग्राइंडरनं टाके उडवले. आत गोणपाट, त्याच्या आत ऑइलक्लॉथ, आणि आत ग्रीस थापून ठेवलेली इंजिनाची मूळ फाउंडेशन ब्रॅकेटं, दोन्ही. कार्टरचा कार्बोरेटर. आणि पत्र्याचा एक तुकडा, त्यावर पंचनं मारलेला नंबर. नंबरात दोन सात आहेत आणि दोन्हीचं टोक तुटकं आहे. अण्णांच्या सेटमधला सातचा पंच कुणी पाडून तोडला होता हे मी तुला सांगायला नको, मार तूच खाल्ला होतास.

मी तिथंच खाली बसलो राव.

मग बॅटरी घेऊन चासीखाली शिरलो. सुध्या, अण्णांनी ती चासी कापलेली नाही. तुला माहितीय डिझेल बसवताना सगळे काय करायचे, जुनी ब्रॅकेटं गॅसनं उडवायची, नवी वेल्ड करायची, इंजिनामागच्या पत्र्याला, फायरवॉलला, जागा लागली तर हातोडा. त्या काळात नगर जिल्ह्यात जेवढ्या पेट्रोल जीपा डिझेल झाल्या त्यातल्या ज्या मी बघितल्यात त्या सगळ्या अशाच कापलेल्या. अण्णांनी रिव्हेटा छिन्नीनं काढल्या, त्याच भोकांमधून बोल्ट टाकून जाड पट्टीची नवी ब्रॅकेटं बसवली, कुठंही टाका नाही, कुठंही नवीन भोक नाही. डिझेल इंजिन जड म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यात एक पान वाढवलंय, तेसुद्धा यू-बोल्ट सोडले की निघून येतं. इंजिन गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगला जोडायची प्लेट स्वतः लेथवर केलीय. म्हणजे दिवसभर पाने घेऊन बसलं तर गाडी 1986 च्या आधी होती तशी होते. त्यांनी ती परत फिरवता येईल अशी केली होती.

आणि तू त्यांना काय म्हणाला होतास ते मला पाठ आहे. 'लढाईत फुटल्या नसतील तेवढ्या जीपा तुम्ही फोडल्यात.' मी दारात उभा होतो. ते काही बोलले नाहीत, चिमट्यानं रिंगा धरून धूत राहिले. पेट्रोल आणि डिझेलच्या भावात तेव्हा किती फरक होता, गाडी लिटरला सात-आठ देणार, पारनेरवाल्याला ती प्रवासी वाहतुकीला लावायची होती आणि तुझ्या इंजिनिअरिंगची फी भरायची होती, हे सगळं तुला नंतर कळलंच. पण हे डब्यातलं तुलाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. म्हणून एवढ्या रात्री लिहितोय.

तू म्हणशील, अण्णा काहीच टाकत नव्हते, तुटके नटसुद्धा डब्यात भरायचे, त्यात विशेष काय. अरे सवयीनं ठेवणारा माणूस कोपऱ्यात ढकलतो. ग्रीस लावून, नंबर मारून, त्याच गाडीच्या पोटात बंद करून ठेवत नाही. ते कुणासाठी तरी ठेवलं होतं.

इंजिन कसं सापडलं ते ऐक. काकूंना सहज विचारलं, पारनेरवाल्याच्या जीपचं इंजिन अण्णांनी काय केलं हो? त्या भाजी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, 'श्रीगोंद्याला माझ्या चुलतभावाला दिलं ना विहिरीवर.' तुझ्या त्या मामांकडे! लग्नानंतर वहिनींना घेऊन हुरड्याला गेला होतास आणि रात्रभर शेजारी काहीतरी धडधडत होतं म्हणून तू कटकट करत होतास, ते हेच. पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की रॉकेलवर टाकायचं. कॉम्प्रेशन कमीच, 6.48 ला एक, त्याला रॉकेलही पचतं. वीज आल्यावर मोटर बसली आणि हे कडब्याखाली गेलं. मामांच्या मुलानं पैसे घ्यायला नकार दिला, वर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घरपोच आणून दिलं. ऑइल फिल्टरच्या बाजूला ब्लॉकवर नंबर असतो तिथं बोटभर चिकटा होता, रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन बसलो. फोर्डनं तेव्हा इंजिनाला आणि चासीला एकच नंबर मारला होता हे आपण दोघं पुस्तकात वाचून वाचून थकलो, पण दोन्ही एकत्र बघायला मिळणं! 80 वर्षांनी, आणि तेही भिंगारात!

आता घोडं कुठं अडलंय ते सांगतो.

हेड काढलं. बोअरला काठ पडलाय, तो काही प्रश्न नाही, स्लीव्ह टाकता येते. पण तिसऱ्या सिलिंडरच्या बोअरपासून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपर्यंत केसासारखी चीर आहे. साइड व्हॉल्व्हच्या इंजिनात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असतात, त्यामुळे नेमकी तीच जागा तापते आणि तडकते. ती चीर पाण्याच्या जॅकेटपर्यंत गेलीय का नुसती वरवर आहे हे प्रेशर टेस्ट केल्याशिवाय कळणार नाही. वरवर असेल तर पिना ठोकून शिवता येते, सीट नवी बसवता येते. आत गेली असेल तर बिडाचं वेल्डिंग, ब्लॉक आधी पूर्ण तापवून, आणि ते करणारे हात आता फार थोडे राहिलेत. इथल्या एका मिस्त्रीनं सांगितलं, 'साहेब, दिल्लीहून दुसरा ब्लॉक आणा, काश्मिरी गेटला मिळतो, नंबर मी मारून देतो, कुणाला कळतंय.' मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. गुन्हा तर आहेच तो. आणि त्या आकड्यांवर बोट फिरवल्यानंतर मला खोटे आकडे बघवणार नाहीत.

दुसरं म्हणजे कागद. आत्ता आरसी पुस्तकावर डिझेल आहे. 2021 चा व्हिंटेजचा नियम आला त्यात गाडी 50 वर्षांच्या वरची पाहिजे आणि चासी, बॉडी, इंजिन मूळ पाहिजे, म्हणजे डिझेलवर ती त्यात बसतच नाही. मूळ इंजिन टाकलं तर बसेल, पण मग रोज वापरता येणार नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी बाहेर काढायची. आणि आजची गोष्ट अशी की अण्णांचं डिझेल अजून अर्ध्या सेल्फला सुरू होतं. मागच्या महिन्यात मी, बायको आणि पोरगी तिच्यातून रतनवाडीला जाऊन आलो, चिखलात फोर व्हील टाकलं आणि गाडी काय चढली सांगू! ब्रेकचे चारही सिलिंडर नवे केलेत, किंगपिन नवे, स्टिअरिंगचा खेळ काढलाय, पाट्याच्या प्रत्येक निपलला दर रविवारी ग्रीस मीच मारतो. ती चालणारी गाडी आहे. ते इंजिन उतरवणं म्हणजे अण्णांनी हातानं केलेली शेवटची चालती गोष्ट बंद करणं, त्यांचं बाकी काम कुठं कुठं भंगारात गेलं. आणि न उतरवणं म्हणजे त्यांनी डब्यात ठेवलेलं तसंच डब्यात ठेवणं. माझा कल उतरवण्याकडे आहे, स्पष्ट सांगतो. त्यांची ब्रॅकेटं, ती प्लेट, ते वाढीव पान, सगळं मी ऑइलक्लॉथमध्ये बांधून त्याच टूलबॉक्समध्ये ठेवीन. पण हे मी एकट्यानं ठरवणार नाही. गाडी माझ्या नावावर असली तरी काम तुझ्या बापाचं आहे.

जोंगाचं परत काढू नकोस. जबलपूरची गाडी आहे, मान आहे मला, सहा सिलिंडर आणि जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन, पण तिला पाजायला तुला मस्कतहून टँकर पाठवावा लागेल. आणि लिलावात गाड्या लॉटमध्ये जातात, भंगारवाले पूर्ण लॉट उचलतात, नंतर एक सुटी गाडी घ्यायची तर लिलावाचा कागद मिळेपर्यंत चपला झिजतात. रंगाचं भांडणही मिटवून टाकू. मोटार वाहन नियम 121 प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त लष्कराच्या गाड्यांना, आपल्याला नाही. बॉनेटवरचा तुझा पांढरा तारा तुझ्या गॅलरीच्या भिंतीवर काढ.

काकू बऱ्या आहेत, गुडघे तेवढे धरतात, जिना चढू देत नाही मी. त्यांना डब्याचं सांगितलं, त्या 'हं' म्हणाल्या आणि परत दोनदा विचारलं की ग्रीस अजून ओलं होतं का. माझी बीपीची गोळी चालू आहे, ठीक. चिनूचा बारावीचा निकाल कळला, शाब्बास सांग तिला, आर्किटेक्चरला जाऊ दे, अडवू नकोस. वहिनींना नमस्कार. तुझ्या कंपनीचं काय झालं शेवटी, कॉन्ट्रॅक्ट वाढलं का, लिही.

आणि दोन कामं. काकूंच्या खोलीतल्या लोखंडी पेटीत अण्णांच्या कामाच्या वह्या आहेत, किल्ली तुझ्याकडे आहे असं त्या म्हणतात. 1986 ची वही असेल तर त्यात त्या प्लेटची मापं असणार, मला ती काढायच्या आधी पाहिजेत, म्हणजे काही वाकडं न करता सोडवता येईल. कुणी येत असेल त्याच्याबरोबर किल्ली पाठव. दुसरं, ब्लॉक प्रेशर टेस्टला पुण्याला न्यायला गुरुवारी टेम्पो मिळतोय. त्याच्या आत कळव, नेऊ का नको.

दिल्या