आचार्यांच्या टेबलावरचे कागद आधी कमी करा

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर

सप्रेम नमस्कार.

मुलांच्या कल्पकतेला वाव द्या, असं सांगणारं परिपत्रक शाळेत येतं तेव्हा आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक, बहुधा दुसऱ्याच कुठल्यातरी परिपत्रकाचं उत्तर भरत बसलेले असतात. मी बडोद्यात पालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले, ते टेबल रोज पाहिलेलं आहे. ऑनलाइन हजेरी, मध्यान्ह भोजनाचा आकडा, शिष्यवृत्तीचे अर्ज, त्यासाठी न जुळणारी आधारवरची नावं, निवडणूक आली की मतदार यादी. वर व्हॉट्सॲपवर निरोप : बारा वाजेपर्यंत माहिती पाठवा. अशा माणसानं वर्गात डोकावायचं कधी?

तरी काहीजण डोकावतात. ऑगस्ट 2024 चा विश्वामित्रीचा पूर आपल्याला आठवत असेल. धोक्याची पातळी 25 फूट आणि नदी 35 फुटांच्याही वर गेली होती. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर आमच्या ओळखीच्या एका शाळेत सातवीची मुलं पुराखेरीज काही बोलेचनात. गणिताचे शिक्षक वैतागले. आचार्यबाईंनी मात्र शिंप्याकडून मापाच्या दोन टेपा मागवल्या आणि वर्गाला शिक्षकांसकट गल्लीत पाठवलं. भिंतींवरचे गाळाचे पट्टे अजून पुसले गेले नव्हते. घरोघरी पट्टा जमिनीपासून किती उंच ते मोजायचं, घरच्यांना विचारायचं पाणी कुठल्या बाजूनं आलं, आणि परत येऊन नकाशा काढायचा. नदीच्या बाजूच्या घरांत पाणी जास्त असणार, असं सगळे धरून चालले होते. मापं निघाली उलटी. नदीपासून लांबच्या, पण कांसेच्या (पावसाचं पाणी नदीत नेणाऱ्या मोठ्या नाल्याच्या) तोंडाशी असलेल्या घरांत पट्टा जास्त उंच होता. म्हणजे नदी फुगल्यावर कांसेतलं पाणी मागे फिरलं. हे मुलांनी स्वतः ताडलं. मग प्रश्नांचा पाऊस : जमिनीचा उतार कसा मोजतात, कांस कुणी बांधली, झाकली कुणी?

पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, गणिताच्या तासाला वर्ग बाहेर कसा? बाईंनी लेखी खुलासा दिला. पुढच्या वर्षी तशी हिंमत त्या करतील का, याचा विचार आपणच करावा.

नवोपक्रमांचे मेळे भरतात, ते भरोत बापडे. थर्माकोलचा ज्वालामुखी बहुतेक वेळा बाबांनी केलेला असतो हे परीक्षकांनाही ठाऊक असतं. मला चिंता आहे ती मेळ्याबाहेरच्या उरलेल्या दिवसांची. शिक्षकानं काही वेगळं करून पाहिलं आणि ते फसलं, तर पाठीशी कोण उभं राहणार, एवढंच तो आधी बघतो. आचार्य खुलाशाला घाबरत असतील तर शिक्षक खडूफळ्याच्या पलीकडे जाणारच नाही.

म्हणून मागणी साधी आहे. तीन-चार शाळांमागे एक कारकून द्या आणि शाळेच्या पहिल्या दोन तासांत आचार्यांकडून कुठलीही माहिती मागू नका. तेवढा वेळ त्यांनी वर्गांत बसावं. टेपा, पुठ्ठे, भिंगं असल्या किरकोळ खरेदीला पूर्वमंजुरी नको, पावती पुरे. आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलंय की सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक हवा आणि कला, शारीरिक शिक्षण, कार्यशिक्षण यांना अर्धवेळ शिक्षक हवेत. जिथे ही माणसं नाहीत तिथे कल्पकतेच्या गोष्टी काय करायच्या? तपासणीच्या नमुन्यात एक रकाना वाढवा : या महिन्यात मुलांनी स्वतः काय शोधलं. पण त्याला गुण देऊ नका. गुण दिलेत की तोही रकाना खोटा भरला जाईल.

हे सगळं राज्यभर एकदम करा असं म्हणत नाही. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत शिक्षण 1893 मध्ये आधी अमरेली तालुक्यातल्या मोजक्या गावांत करून पाहिलं, अडचणी कळल्यावर 1906 मध्ये सगळ्या संस्थानाला लागू केलं. 1890 मध्ये कला आणि तंत्र शिकवणारं कलाभवन काढलं तेव्हाही आधी माणूस हेरला, रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, आणि संस्था त्यांच्या हाती सोपवली. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. बडोद्याच्या राज्यात हे जमलं, तर बडोद्याच्या एका वॉर्डात आज का जमू नये? दहा शाळा निवडा. आचार्य कोण ते आपल्या खात्यानं ठरवावं, आमची हरकत नाही. जूनमध्ये सुरू करा, दोन वर्षं चालू द्या, आणि मधेच त्यांची बदली करू नका. ही शेवटची अट सर्वांत अवघड जाईल, याची कल्पना आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदे